काळापाणी की काळे पाणी?

प्रश्न असा: इंग्रजांच्या काळात कैद्यांना अंदमानला धाडत, त्या शिक्षेला ‘काळापाणी’ लिहावं की ‘काळे पाणी’, आणि त्यातला ‘काळ’ म्हणजे मृत्यू का?

मराठीत ‘काळे पाणी’च. हिंदीत पानी पुल्लिंगी, म्हणून तिकडे ‘काला पानी’. आपण त्यातल्या ‘ल’चा ‘ळ’ आणि ‘न’चा ‘ण’ केला, लिंग मात्र बदलायला विसरलो. नळाला ‘चांगला पाणी’ आलं असं आपण म्हणतो का? चूक खपून जाते, कारण विभक्ती लागली की दोन्हींचं रूप एकच होतं: काळ्या पाण्याची शिक्षा.

मृत्यूच्या व्युत्पत्तीचं उत्तरही याच रूपात आहे. ‘काळ’ हे नाम असतं तर ‘काळाच्या पाण्याची’ किंवा ‘काळपाण्याची’ झालं असतं. ‘काळ्या’ हे विशेषणाचंच रूप. निदान मराठी कानाने तरी तिथे रंगच ऐकला.

मला जास्त मौज वाटते ती ‘वर’ची. माणूस तुरुंगात जातो, पण काळ्या पाण्यावर जातो. देशावर, मुलखावर जावा तसा. आणि ते बरोबरच आहे. १८५८ मध्ये अंदमानात कैदी नेले, तेव्हा सेल्युलर जेल कुठे होता? तो बांधून झाला १९०६ मध्ये. त्याआधी होती ती वसाहत: जंगल तोडायचं, रस्ते करायचे, आणि काही वर्षं नीट वागलं तर परवाना मिळवून बाहेर राहायचं, शेती करायची, लग्नसुद्धा करायचं. आज मात्र काळे पाणी म्हटलं की आपल्याला फक्त कोठडी आणि कोलू (कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा) दिसतो. (उलटी वाहतूकही होती बरं का. मलाया-सिंगापूरकडचे चिनी कैदी इंग्रजांनी महाबळेश्वरला आणून ठेवले होते आणि ते तिथे भाजीपाला पिकवत.)

‘जन्मठेप’ हा याचा समानार्थी शब्द नव्हे. काळे पाणी ही जागा, जन्मठेप ही मुदत. सावरकरांच्या दोन जन्मठेपी म्हणजे पन्नास वर्षं, कारण तेव्हा एक जन्मठेप पंचवीस वर्षांची धरत. १९५५ च्या दुरुस्तीने दंडसंहितेतली समुद्रापार धाडण्याची शिक्षा गेली आणि तिच्या जागी आजन्म कारावास आला. मराठीने नवा शब्द शोधला नाही, जन्मठेपच चालू ठेवली.

आणि ‘तडीपार’? तोही लांब धाडण्याचाच शब्द, तड म्हणजे काठ. पण तडीपार झालेला गडी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर मोकळा फिरतो.