थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांचे कॅल्शियम अधिक का उतरते?

प्रश्न : माझी आणि माझ्या थोरल्या भावाची, दोघांचीही संपूर्ण थायरॉइड ग्रंथी एकाच वर्षात काढण्यात आली. मला तिसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, कॅल्शियम ७.४ भरले आणि दीड महिना गोळ्या घ्याव्या लागल्या. भावाचे कॅल्शियम उतरले नाही, पण शस्त्रक्रियेच्या रात्रीच मानेत रक्त साचल्यामुळे त्याला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. हा स्त्री-पुरुष भेद म्हणायचा की योगायोग? आणि गोळ्या थांबल्यावर माझा त्रास उलटेल का?

उत्तर : दोन्ही थोडेथोडे खरे आहे. थायरॉइडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटून असतात आणि रक्तातील कॅल्शियम त्यांच्या संप्रेरकावर सांभाळले जाते. थायरॉइड सोडवताना या ग्रंथींना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या दुखावल्या, की ग्रंथी जागेवर असूनही काही दिवस किंवा आठवडे सुस्त राहतात. म्हणूनच कॅल्शियम लगेच न उतरता दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तळाला जाते. तुमच्या मुंग्या तिसऱ्या दिवशी आल्या, हे अगदी ठरल्याप्रमाणे झाले.

असा तात्पुरता उतार स्त्रियांमध्ये अधिक दिसतो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ड जीवनसत्त्वाची आधीचीच कमतरता, संप्रेरकांचा प्रभाव आणि मानेची लहान रचना अशी कारणे त्यासाठी पुढे केली जातात, परंतु त्यांतील एकावरही तज्ज्ञांचे एकमत नाही. माझ्या मते स्त्री असण्यापेक्षा किती ग्रंथी शाबूत राहिल्या, ग्रेव्हज आजार (थायरॉइड अतिसक्रिय करणारा विकार) होता का आणि कर्करोगासाठी मानेच्या मध्यभागातील लसिकाग्रंथीही काढल्या का, हे प्रश्न अधिक वजनदार आहेत. शिवाय थायरॉइडचे आजारच स्त्रियांना कितीतरी अधिक होत असल्याने शस्त्रक्रिया झालेल्यांत त्यांचीच संख्या मोठी असते. त्यामुळे ओळखीतल्या दोन-चार जणींच्या अनुभवावरून धोका मोजणे फसवे ठरते.

भावाच्या बाबतीत पारडे उलट आहे. शस्त्रक्रियेनंतर मानेत रक्त साचण्याचे प्रमाण एकूण शंभरात एक-दोन इतकेच असले, तरी पुरुषांत ते अधिक आढळते. हा प्रसंग बहुधा पहिल्या चोवीस तासांत येतो आणि श्वासनलिकेवर दाब पडत असल्याने मुंग्यांपेक्षा कितीतरी घाईचा असतो. त्याला त्याच रात्री परत नेले, ते योग्यच झाले.

आता तुमच्या गोळ्यांविषयी. त्या थांबवल्यानंतर कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पट्ट्यात टिकले आणि पॅराथायरॉइडचे संप्रेरकही योग्य आले, तर ग्रंथी कामाला लागल्या असे समजावे; मग त्रास सहसा उलटत नाही. सहा महिने ते वर्ष उलटूनही गोळ्यांवाचून चालत नसेल, तरच दोष कायमचा मानतात. अहवाल वाचताना अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिनही पाहा, कारण ते कमी असल्यास एकूण कॅल्शियम प्रत्यक्षाहून कमी दिसते. पुढे हाडांसाठी कॅल्शियम सुरू झालेच, तर ते आणि सकाळची थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) गोळी यांत किमान चार तासांचे अंतर ठेवा. एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही, आणि मग टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) का वाढला याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. मुंग्या पुन्हा आल्या किंवा हाताची बोटे आखडून आत वळू लागली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.