दोन फोटो, माशी एकच की दोन?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नेरुळला राहते. बाल्कनीत तुळस आहे आणि कुंडीत चवळी लावलीये, तिथे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या हॉवरफ्लाय (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या) येतात. दोन फोटो पाठवतेय, दोन्ही वरून काढलेत. अ‍ॅप दरवेळी वेगळंच नाव दाखवतं आणि मिस्टर म्हणतात जात एकच, एक नर नि एक मादी. खरं काय? चवळीवर मावा पडलाय, त्यात हिरवट अळ्या पण दिसतात, फवारा मारू का?

उत्तर: आधी फवाऱ्याचं, प्लीज मारू नका! बिनपायाची, एका टोकाला निमुळती, जळवेसारखी सरकणारी अळी असेल तर ती याच माश्यांचं पिल्लू आहे आणि ती तुमचा मावाच खातेय.

आता फोटो. नर-मादी ओळखायला डोळे बघायचे, या माश्यांमधे नराचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, मादीच्या डोळ्यांमधे फट असते. तुमच्या दोन्ही फोटोंत डोळे चिकटलेलेच आहेत म्हणजे दोघंही नर, त्यामुळे पट्ट्यांमधला फरक नर-मादीचा नाहीये.

पहिल्याचं पोट झूम करून बघा, नारिंगी भागावर जाड काळ्या पट्ट्यासोबत एक बारीक काळी रेघ पण आहे, अगदी मिशी काढल्यासारखी. ही डबल पट्टी एपिसिर्फस या हॉवरफ्लायच्या गटाची खूण, त्यातली ही जात बहुतेक एपिसिर्फस बाल्टियाटस. दुसऱ्यात ती मिशी नाहीच, उलट पाठीच्या काळपट भागाला दोन्ही कडांनी लिंबासारखी पिवळी किनार आहे. मला तो इस्किओडॉन स्कुटेलारिस वाटतोय, पण अशीच किनार स्फेरोफोरिया या दुसऱ्या गटाच्या माश्यांना पण असते, म्हणून वरच्या एका फोटोवरून मी पक्कं नाव देणार नाही. इस्किओडॉनच्या नराला मागच्या पायाच्या मुळाशी छोटा काटा असतो आणि तो फक्त बाजूनेच दिसतो. स्फेरोफोरियाच्या नराचं पोट बारीक, सरळसोट आणि टोकाला खाली मोठा गोळा असल्यासारखं, ते पण बाजूनेच नीट कळतं.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. बाल्टियाटसचा कोष थंडीत वाढला तर माशी जास्त काळी निघते, उन्हाळ्यात वाढला तर जास्त नारिंगी, आणि वर फ्लॅश मारला की पिवळ्याचा पांढरा होतो. अ‍ॅप गोंधळतं ते बऱ्याचदा यामुळेच. पॅरागससारख्या बारक्या माश्या तर फोटोवरून जातीपर्यंत नेताच येत नाहीत, नराचे जननभाग मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात, तिथे नुसतं 'पॅरागस' लिहून थांबलेलंच बरं.

सकाळी ऊन तापायच्या आधी बाल्कनीत जा, तेव्हा त्या जरा सुस्त असतात आणि पानावर बसून राहतात. फ्लॅश बंद ठेवा, एक फोटो वरून, एक बरोबर बाजूने पाय दिसतील असा, एक समोरून तोंडाचा. क्रॉप न करता पाठवा आणि तारीख लिहा. मागचा पाय नीट आला तर दुसऱ्याचं नाव मी नक्की सांगते.