मुंबईतल्या जुन्या मशिदीच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा फुगून सुटतोय. वरून सिमेंट लावलं तर चालेल का?

नाही, सिमेंट लावू नका. चुन्याचाच गिलावा करा. मुंबईच्या खाऱ्या हवेत जुन्या भिंतीत ओल आणि क्षार असतातच, वजूच्या (नमाजाआधी हातपाय धुण्याच्या) हौदालगत तर जास्तच. चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडतं, मग क्षारांचे स्फटिक आत साचतात आणि विटेचा पापुद्राच सिमेंटसकट निघून येतो. हे नुकसान मूळ बांधकामाचं, ते भरून येत नाही. ठोकल्यावर पोकळ वाजेल तेवढाच गिलावा काढा, विटांमधले सांधे साधारण 20 मिमी खोल खरवडा, भिंत नीट भिजवा. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विझवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरलेली हवी. मिश्रण: 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), 2 भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातून मीठच परत भिंतीत जातं. थर 10-12 मिमीचे, आधीचा आवळल्यावरच पुढचा. वर 10 दिवस ओलं गोणपाट ठेवा; घाईने वाळला की भेगा पडतात. मात्र हौद किंवा गच्ची गळत असेल तर आधी ती गळती थांबवा, नाहीतर चांगला चुनाही दोन पावसाळ्यांत सुटेल.