शेअर्ड सीक्रेट ३२ अक्षरी असेल तर ब्लास्टरेडियसची काळजी करावी का?

तुमचा प्रश्न असा: लॉगिन तपासणाऱ्या रेडियस प्रोटोकॉलचा सर्व्हर, फ्रीरेडियस, आतल्याच नेटवर्कात आहे, व्हीपीएन आणि स्विचचं लॉगिन पॅपने (पासवर्डच सर्व्हरकडे पाठवणाऱ्या पद्धतीने) होतं, सीक्रेट, म्हणजे उपकरण आणि सर्व्हर यांच्यातला गुप्त शब्द, ३२ अक्षरी आहे. मग ब्लास्टरेडियस या रेडियसमधल्या त्रुटीसाठीचा (सीव्हीई-२०२४-३५९६) अपग्रेड पुढे ढकलला तर चालेल का?

नाही चालणार. आणि त्या ३२ अक्षरांचा इथे काडीचाही उपयोग नाही. ‘सीक्रेट लांब ठेवा, मग रेडियसला धक्का लागत नाही’ हे इतकी वर्षं ऐकतोय की आधी त्याचाच समाचार घेतो.

सर्व्हरच्या उत्तरावरची सही, म्हणजे रिस्पॉन्स ऑथेंटिकेटर, कशी बनते? कोड, आयडी, लांबी, विनंतीतला १६ बाइटचा ऑथेंटिकेटर, मग सगळे ॲट्रिब्यूट (पॅकेटातले माहितीचे रकाने) आणि सर्वांत शेवटी सीक्रेट, या सगळ्याचा एकच एमडी५ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठराविक लांबीचा ठसा. मेख त्या ‘शेवटी’मध्ये आहे. एमडी५ ब्लॉकमागून ब्लॉक चालतो. सीक्रेटपर्यंत पोचण्याआधीच दोन वेगळ्या पॅकेटांची आतली स्थिती एकसारखी झाली, की पुढे दोघांना तेच सीक्रेट चिकटतं आणि हॅशही तोच निघतो. सीक्रेट ८ अक्षरी असो की ८०, हल्लेखोराला ते ओळखावंच लागत नाही.

प्रत्यक्षात असं घडतं. वाटेत बसलेला माणूस वाट्टेल तो पासवर्ड टाकून स्वतःच लॉगिन सुरू करतो आणि स्विचकडून निघालेली विनंती अडवून धरतो. सर्व्हरचा नकार, कोड ३, कसा दिसेल हे आधीच सांगता येतं. त्या नकाराची सुरुवात आणि स्वतःला हव्या त्या होकाराची, म्हणजे कोड २ ची सुरुवात घेऊन तो दोन्हींचा हॅश जुळवणारे कचरा बाइट शोधतो. नकाराच्या बाजूचा कचरा तो विनंतीत प्रॉक्सी-स्टेट, टाइप ३३, म्हणून घुसडतो. पॅपच्या साध्या विनंतीत छेडछाड झाली हे सर्व्हरला कळायची सोयच नाही, आणि प्रॉक्सी-स्टेट जसाच्या तसा परत पाठवणं त्याला नियमानेच बंधनकारक आहे. नकार आला की त्यावरची सही उचलून होकारावर लावायची, झालं. त्या होकारात कोणता व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा विभाग), कोणते अधिकार, हेही हल्लेखोरच लिहितो. म्हणून स्विचचं ॲडमिन लॉगिन पॅपवर असणं ही तुमच्या यादीतली सगळ्यात वाईट ओळ आहे.

९ जुलै २०२४ ला हे जाहीर झालं तेव्हा असा हॅश जुळवायला संशोधकांना साधारण ३ ते ६ मिनिटं लागत होती. ‘उत्तराची वाट पाहण्याचा आमचा टाइमआउट तर ५ सेकंदांचा’ म्हणून निश्चिंत राहू नका. मोबाइलवरच्या मंजुरीची वाट पाहण्यासाठी हाच टाइमआउट लोक ६० सेकंदांपर्यंत वाढवतात, आणि हॅश जुळवण्याचा वेग यंत्रं वाढवली की वाढतो. एमडी५ ची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश, २००४ मध्येच दाखवली गेली होती. यावरचा उपाय, मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे सीक्रेट वापरून पॅकेटावर केलेली वेगळी सही, २००० च्या आरएफसी २८६९ या दस्तऐवजात आहे. ईएपीला (वाय-फायसारख्या ठिकाणच्या लॉगिन पद्धतीला) तो सक्तीचा होता म्हणून ईएपी वाचलं; बाकीच्यांना ऐच्छिक ठेवला. माझ्या मते खरी चूक ती.

आता करायचं काय. आधी फ्रीरेडियस किमान ३.२.५ या आवृत्तीवर न्या (३.० वर अडकला असाल तर ३.०.२७). नवा सर्व्हर लॉगिनच्या प्रत्येक उत्तरात मेसेज-ऑथेंटिकेटर पहिलाच ॲट्रिब्यूट म्हणून घालतो. तो पहिला असणं महत्त्वाचं, कारण मग नकाराची सुरुवात हल्लेखोराला आधी सांगता येत नाही. त्यामुळे जुन्या स्विचनाही बराचसा आडोसा मिळतो. नंतर पोर्ट १८१२ वर टीसीपीडंप (पॅकेट पाहायचं साधन) लावून प्रत्येक उपकरणाची विनंती बघा: मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे टाइप ८०, लांबी १८ दिसतंय का? जे पाठवतात त्यांच्या सर्व्हरवरच्या क्लायंट नोंदीत मेसेज-ऑथेंटिकेटर सक्तीचा करणारी सेटिंग ‘येस’ करा. जे पाठवत नाहीत त्यांना फर्मवेअर येईपर्यंत निदान प्रॉक्सी-स्टेटवर मर्यादा घालणारी सेटिंग ‘येस’ ठेवा. या सेटिंगचं ‘ऑटो’ मूल्य पहिल्या पॅकेटावरून अंदाज बांधतं; मला ते फक्त स्थलांतराच्या काळापुरतं मान्य आहे. एकाच नोंदीत अख्खं सबनेट (पत्त्यांचा पट्टा) कोंबलं असेल तर आधी ते सुटं करा, नाहीतर सक्ती केल्यावर त्यातली जुनी उपकरणं बंद पडतील.

आणि बंद पडतील तीही मुकाट्याने. नियमात न बसणारं पॅकेट सर्व्हर टाकून देतो, नकार पाठवत नाही. स्विचला फक्त टाइमआउट दिसतो आणि लोक दिवसभर फायरवॉल तपासत बसतात. तेव्हा सर्व्हर डीबगमध्ये, एक्स पर्याय देऊन चालवा. सीक्रेट चुकलं तरी हेच होतं: नुसत्या पॅपमध्ये पासवर्ड विस्कटून नकार यायचा, आता पॅकेटच गळतं.

‘आतलं नेटवर्क’ म्हणाल तर हल्लेखोराला वाटेत यावं लागतं हे खरं, पण एआरपी (आयपी पत्त्यावरून उपकरण शोधणारा प्रोटोकॉल) फसवणं किंवा एक स्विच हातात येणं यापलीकडे त्याला फार काही लागत नाही. व्यवस्थापनाचा वेगळा व्हीलॅन असेल तर चार दिवस थांबा, चार महिने नको. दोन इमारतींमधला रेडियस सरळ टीएलएसवर (कूटबद्ध जोडणीवर), टीसीपी २०८३ ला न्या.

तोवर कुणी ‘पॅप सोडून चॅप (पासवर्ड न पाठवता त्यावरून उत्तर बनवणारी पद्धत) घ्या’ सांगेल. ऐकू नका. या हल्ल्यापुढे चॅप आणि एमएस-चॅपही तितकेच उघडे आहेत, वर चॅपसाठी सर्व्हरवर पासवर्ड साध्या मजकुरात ठेवावे लागतात. पॅपमध्ये निदान डेटाबेसात मजबूत हॅश ठेवता येतो. दोनांतून एकच निवडायचं असेल तर टीएलएसमधून जाणारा पॅप मी केव्हाही घेईन.

एक राहिलं: १८१३ वरच्या अकाउंटिंगला (वापराच्या नोंदींना) हा हल्ला लागू नाही, तिथे मेसेज-ऑथेंटिकेटर शोधत बसू नका. मॅक पत्त्यावरून आत घेणारे स्विच पोर्ट मात्र तपासा. ते बहुधा पॅप किंवा चॅपच वापरतात आणि यादीतून हमखास सुटतात.