टी पण चीनचाच!

प्रश्न : मी राजारामपुरीतनं ऑनलाइन चिनी मुलांना इंग्रजी शिकवते. परवा कॅमेऱ्यासमोर कप धरून टी म्हटलं तर एक पोरगी म्हणाली, आमच्यात छा म्हणतात, मग हे टी कुठनं आलं?

उत्तर : ताई, लई भारी विचारलं पोरीनं. तिला सांगा, टी पण तुमच्याच घरचा! अक्षर एकच, पण मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, त्याला 'छा' म्हणतात आणि चीनच्याच फुजियान प्रांताच्या किनाऱ्यावरच्या बोलीत 'ते'. १७व्या शतकात डच व्यापाऱ्यांनी जहाजातनं चहापत्तीबरोबर तो 'ते' शब्द पण युरोपात नेला आणि इंग्रजीत त्याचा टी झाला. लंडनच्या सॅम्युएल पेपिसनं १६६० च्या डायरीत हे चिनी पेय प्यायल्याचं लिहिलंय. खुश्कीच्या वाटेनं गेलेला 'छा' इराणात चाय झाला, आपला चहा त्याच घराण्यातला. फळ्यावर तेवढं ते चिनी अक्षर तिच्याकडनंच काढून घ्या.