‘दे इकडे, मी करतो’

“मॅडम, सव्वीस वर्षं भूमिती शिकवतेय. पण हे कोडिंग या वयात मला नाही जमायचं. आणि पोरांसमोर हसं झालं तर?”

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून मी इतक्या शिक्षकांकडून ऐकलाय की प्रश्न तोच आणि चेहरे वेगळे, असं वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचा (संगणकाला टप्प्याटप्प्याने सूचना देऊन काम करून घेण्याचा) उल्लेख आला. त्याच सुमारास लॉकडाऊनमध्ये सहा-सात वर्षांच्या पोरांनी ॲप बनवल्याच्या जाहिराती घरोघरी मोबाइलवर पोचल्या. पालक शाळेला विचारू लागले आणि शाळा शिक्षकांना.

या बाई परळच्या एका मराठी शाळेतल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. इथे त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणते.) डोंबिवलीहून रोज सकाळची फास्ट लोकल, वय एकावन्न. एमएससीआयटी केलेलं, सर्टिफिकेट फाइलीत लावलेलं. शाळेत संगणक कक्ष होता, चालू मशीन नऊ आणि वर्गात बेचाळीस मुलं. आठवड्याला एक तास बाईंकडे आला आणि त्या तासाच्या आदल्या रात्री त्यांची झोप उडू लागली. प्रशिक्षणाच्या दोन्ही दिवशी नेमकी त्यांची पाठ धरली. “खरंच धरली हो,” त्या म्हणाल्या. मला ते खोटं वाटलं नाही. मन घाबरलं की शरीर त्याला कारण पुरवतं.

पहिल्या दोन भेटींत मी चूक केली, तीही सांगते. मी धीर देत बसले. तुम्हाला जमेल, तुम्ही इतकी वर्षं शिकवताय, वगैरे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाबद्दल मांडणी केली. त्यात हा विश्वास चार वाटांनी येतो असं म्हटलंय आणि सगळ्यात भक्कम वाट म्हणजे स्वतः करून पाहिलेलं काम. दुसऱ्याचे धीराचे शब्द त्यापुढे फिके. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, तरी स्वतः शब्दच वाटत बसले होते. वर गृहपाठ दिला : घरी मुलाबरोबर रोज वीस मिनिटं स्क्रॅचवर सराव. (स्क्रॅच म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून कोडिंग शिकायचं साधन. त्यातलं मांजर सूचनांप्रमाणे चालतं आणि पेन लावलं की रेघ काढतं.)

तिसऱ्या भेटीला बाई आल्या त्या जास्तच खचून.

मी विचारलं, “काल रात्री नेमकं काय झालं ते क्रमाने सांगा. कोण कुठे बसलं होतं?”

“मुलगा शेजारी. मी स्क्रॅच उघडलं. मला ते पेन कुठे असतं तेच सापडेना. तो म्हणाला, आई, दे इकडे, मी करतो. केलं त्याने दोन मिनिटांत.”

“आणि तुम्हाला काय वाटलं?”

“सुटले बाई, असं वाटलं.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “आणि मग रडू आलं.”

सगळी गोम त्या ‘सुटले’मध्ये होती. टाळलं की लगेच हलकं वाटतं आणि तो हलकेपणाच पुढच्या वेळी टाळायला शिकवतो. शाळेतही हेच चाललं होतं. प्रोजेक्टर लावायला शिपाई, फाइल उघडायला दहावीतला एक हुशार मुलगा. प्रत्येकाचा हेतू चांगला. पण बाईंच्या हातून माउस दर वेळी कुणीतरी काढून घेत होतं आणि बाई तो खुशाल देत होत्या.

मग आम्ही एकच नियम ठरवला. मदत करणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. त्याला फक्त एक प्रश्न विचारायची परवानगी : “काय दिसतंय?” मुलाला हे आधी अपमानास्पद वाटलं म्हणे. पहिल्या दिवशी पेन शोधायला बाईंना चौदा मिनिटं लागली. स्क्रॅचमध्ये पेनचे ठोकळे समोर नसतातच, डाव्या कोपऱ्यात खाली एक बटण असतं, तिथून ते आणावे लागतात. ही चौदा मिनिटं बाई आजही अभिमानाने सांगतात.

आठवड्याभराने खरी गंमत झाली. स्क्रीनवर समभुज त्रिकोण काढायचा होता. मुलाने सांगितलं, तीनदा कर : शंभर पावलं पुढे, साठ अंश वळ. त्रिकोणाचा कोन साठचाच, नाही का? बाईंनी केलं आणि त्रिकोण काही बंद होईना. तीन बाजूंचं काहीतरी उघडंच राहिलं. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा डोकं खाजवू लागला आणि बाई हसायला लागल्या.

“अरे, हा अर्धा षटकोन आहे! मांजर कडेकडेने चालतंय, ते आतला कोन कसं वळेल? ते बाह्यकोनातून वळणार. एकशे ऐंशी वजा साठ, एकशेवीस.”

एकशेवीस टाकलं, त्रिकोण झाला.

मला स्वतःला भूमितीचं भय. तरी त्यांनी माझ्या खोलीतल्या फरशीवर मला त्रिकोणात चालवलं तेव्हा समजलं की कोपऱ्यावर आपण काटकोनापेक्षाही जास्त वळतो. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही कोडिंगची भाषा केली. पुढे त्यात आलेलं, सूचनांप्रमाणे चालत रेघ काढणारं कासव याच तत्त्वावर चालायचं : कासवाच्या जागी स्वतःला उभं करा, म्हणजे कळेल. २००७ मध्ये एमआयटीतून लोकांसमोर आलेलं स्क्रॅच त्याच घराण्यातलं. बाईंना ही माहिती दिली तर म्हणाल्या, “म्हणजे हे आमच्याच विषयाचं निघालं की!” इतके दिवस त्यांनी कोडिंगला परकं ठरवून दाराबाहेर उभं केलं होतं.

पुढचे तास त्यांनी आधी संगणकाशिवाय घेतले. व्हरांड्यात खडूने रांगोळीचे ठिपके, एक मुलगी रोबोट, बाकीच्यांनी सूचना द्यायच्या. ‘जरा पुढे जा’ म्हटलं की रोबोट जागचा हलायचा नाही. जरा म्हणजे किती? मग कक्षात एका मशीनवर चार-पाच जण, एकाच्या हातात माउस, बाकीच्यांचे हात मागे, पाच मिनिटांनी अदलाबदल. प्रोजेक्टर एकदा बंद पडला, पोरं हसली. बाई म्हणाल्या की त्या हसण्याने त्यांना काही झालं नाही. मला वाटतं झालं असणार थोडं, पण त्या घरी पळाल्या नाहीत, तास पुरा केला. मला तेवढं पुरेसं होतं.

मात्र एक गोष्ट त्यांना लागली. फळ्यावर अडखळणाऱ्या एका मुलाच्या हातातून त्यांनी सवयीने खडू घेतला, “दे इकडे, बस खाली,” असं म्हणत. आणि तिथेच थांबल्या. “मॅडम, सव्वीस वर्षांत किती खडू घेतले असतील मी?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते शोधूनही दिलं नाही. बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. खाली दादरच्या रस्त्यावर भाजीवाल्याचा भाव चालला होता.

मागच्या भेटीत पुढच्या महिन्याची वेळ नोंदवायला मी मोबाइलमधलं नवं कॅलेंडर उघडलं. ते कुणीतरी नुकतंच बदललं होतं, तारीख काही पुढे सरकेना. बाईंचा हात टेबलावरून माझ्या फोनकडे आला, अर्ध्यावर थबकला आणि मागे गेला. त्यांनी दोन्ही हात पाठीशी बांधले.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “काय दिसतंय?”