पाण्यातले थॅलेट प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरने मोजता येतात का? इलेक्ट्रोड कसा बनवायचा?

येतात. थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात ती रसायनं, म्हणजेच प्लास्टिसायझर. तुम्ही इलेक्ट्रोडबद्दल विचारलंय, पण खरा घोळ ब्लँकमध्ये, म्हणजे थॅलेट नसायला हवं त्या कोऱ्या नमुन्यात होतो. त्यावर शेवटी येतो.

थॅलेट इलेक्ट्रोडवर सहजासहजी ऑक्सिडाइझ होत नाहीत, त्यामुळे बिस्फेनॉल-ए देतं तसा थेट सिग्नल ते देत नाहीत. (बिस्फेनॉल-ए हा प्लास्टिक बनवायचा कच्चा माल, मुळात प्लास्टिसायझर नाहीच, पण त्यांच्या यादीत कायम घुसलेलं असतं.) म्हणून अर्धवाहकावर उजेड पाडून स्थिर फोटोकरंट (उजेडामुळे वाहणारा विद्युतप्रवाह) मिळवायचा, वर थॅलेटला धरणारा अॅप्टामर (ठरावीक रेणूला पकडणारा डीएनएचा छोटा धागा) बसवायचा आणि करंट किती घटतो ते बघायचं.

टायटॅनियम डायऑक्साइड मी टाळेन. त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला प्रकाशाकडे लागणारी किमान ऊर्जा) 3.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे अतिनील प्रकाश लागणार, आणि त्यात अॅप्टामरच हळूहळू जळतो. ग्राफिटिक कार्बन नायट्राइडला (2.7 इलेक्ट्रॉनव्होल्ट) 420 नॅनोमीटरचा एलईडी पुरतो. झाकणाच्या क्रुसिबलमध्ये मेलामाइन 550 अंश सेल्सियसवर 4 तास ठेवा. अमोनिया सुटतो, भट्टी फ्यूम हूडखालीच हवी. पिवळी पूड खलून 1 मिलिलिटर पाण्यात 5 मिलिग्रॅम सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडने पसरवा) आणि एफटीओ (एका बाजूला वीजवाहक थर असलेल्या) काचेच्या 1 चौरस सेंटिमीटर भागावर 20 मायक्रोलिटर टाकून वाळवा. काचेची वाहक बाजू आधी मल्टिमीटरने तपासा. थर जाड झाला की करंट वाढत नाही, उलट पोपडे निघतात.

त्यावर सोन्याचे कण बसवायचे: 1 मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत -0.2 व्होल्ट, 30 सेकंद. मग थायॉल टोकाचा (सोन्याला चिकटणारं गंधकाचं टोक असलेला) अॅप्टामर 1 मायक्रोमोलर, 4 अंशांवर रात्रभर. उघड्या राहिलेल्या जागा 1 मिलिमोलर मर्कॅप्टोहेक्झॅनॉलने अर्धा तास झाका. फार वेळ ठेवलंत तर ते अॅप्टामरलाच उखडून काढतं.

मोजणी 0.1 मोलर फॉस्फेट बफरमध्ये, इलेक्ट्रॉन दाता म्हणून 0.1 मोलर अॅस्कॉर्बिक आम्ल घालून. इथे बरेच जण फसतात: आम्ल घातल्यावर बफर हरतो, पीएच कोसळतो. सोडियम हायड्रॉक्साइडने तो पुन्हा 7.4 वर आणा, आणि द्रावण त्याच दिवशी वापरा. एलईडी 10 मिनिटं तापू द्या, अंतर पक्कं करा, मग 20 सेकंद चालू, 20 सेकंद बंद. इलेक्ट्रोड नमुन्यात 40 मिनिटं ठेवून धुवायचा आणि मोजायचा मात्र स्वच्छ बफरमध्ये. नदीच्या पाण्यातलं ह्युमिक आम्ल उजेड गिळतं, ती अडचण अशी टळते. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवायला थायोसल्फेट नको, ते सोन्याला चिकटतं. थोडं अॅस्कॉर्बिक आम्ल चालतं.

आता ब्लँक. इलेक्ट्रोडची खिडकी आखायला आपण सर्रास काळी विजेची टेप लावतो. ती पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिसायझरने भरलेली! पॉलिइमाइड टेप वापरा. पीव्हीसी नळ्या, व्हिनाइल हातमोजे आणि प्लास्टिकचे सिरिंज फिल्टर यांच्यावरही तोच संशय ठेवा. काचेची भांडी 400 अंशांवर भाजून घ्या, बाटल्यांना टेफ्लॉन अस्तराची झाकणं लावा.

सरावाला डायब्युटाइल थॅलेट घ्या. डीईएचपी (डाय-2-एथिलहेक्झिल थॅलेट) पाण्यात जेमतेम विरघळतं आणि काचेच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे सौम्य द्रावण उभ्या उभ्या आणखी सौम्य होतं. पिण्याच्या पाण्यात डीईएचपीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला 8 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे सुमारे 20 नॅनोमोलर. प्रमाण द्रावणं त्याच्या दोन्ही बाजूंना हवीत, मिथेनॉल सगळ्यांत सारखं आणि 1 टक्क्याच्या आत.

इलेक्ट्रोडवर काहीही बसलं तरी करंट घटतोच. म्हणून अक्षरांचा क्रम विस्कटलेल्या अॅप्टामरचा एक इलेक्ट्रोड सोबत चालवा. त्याचाही करंट तेवढाच पडला, तर तुम्ही थॅलेट मोजत नसून गाळ मोजताय. निदान काही नमुने जीसी-एमएसवर (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) पडताळा; डायब्युटाइल आणि डीईएचपी दोन्हींचं मुख्य शिखर m/z (वस्तुमान-प्रभार गुणोत्तर) 149 ला येतं, त्यामुळे वेगळं ओळखायला धारणवेळही (यंत्रातून बाहेर यायला लागणारा वेळ) बघावा लागतो.